जळगाव ते सोनगीर, घरातल्या घरात

चालायचं मशीन घरी आलं तेव्हा गल्लीत पहिली बातमी अशी पसरली की आम्ही पिठाची गिरणी घेतली. खोकं तसंच होतं, लांबट आणि जड, दोघांनी धरून आत आणावं लागलं. समोरच्या काकू लगोलग विचारायला आल्या, दळण कधीपासून घेणार? मी म्हटलं, गिरणी नाही काकू, ह्याच्यावर चालायचं असतं. त्यांनी खोक्याकडे पाहिलं, मग दारातून दिसणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं आणि काही न बोलता परत गेल्या. काही बोलल्या असत्या तर बरं, इतका मला त्यांच्या गप्प जाण्याचा राग आला.

रागाचं माझं असंच आहे. तो येतो, पाच मिनिटं थयथयाट करतो आणि निघून जातो. मागची आवराआवर मला करावी लागते. त्या दिवशी तर पाठही दुखत होती. मी पुण्याच्या एका कंपनीसाठी जळगावात घरी बसून नकाशे तपासते. लोक मोबाइलवर रस्ता शोधतात ना, तो रस्ता खरंच तिथे आहे का, एकेरी झालाय का, पुलाचं काम चालू आहे का, हे बघून दुरुस्त करायचं. दिवसभर मी अख्ख्या महाराष्ट्रातून फिरते आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलाला धरून कण्हत उठते. त्या टेबलाशी आठ वर्षं बसून काढली. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता बसणं बंद करा. मी विचारलं, मग काम कोण करणार? ते म्हणाले, उभ्याने करा, चालत करा. ते थट्टा करत होते की काय कोण जाणे, मी मात्र मनावर घेतलं.

मशीन म्हणजे ट्रेडमिलच, फक्त बुटकी. पुढे दांडा नाही, धरायला मूठ नाही. जमिनीलगत एक काळा पट्टा असतो, तो पायाखालून मागे सरकत राहतो. आपण त्याच्यावर चालायचं आणि पुढ्यातल्या उंच टेबलावर कॉम्प्युटर ठेवून काम करायचं. नवरा दीपनगरच्या वीज केंद्रात आहे, शिफ्टची नोकरी. त्याने मशीनभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "म्हणजे चालायचं, पण कुठे जायचं नाही?" मी हो म्हटलं. "आणि त्याला वीजही लागणार?" मी हो म्हटलं. "बरंय," तो म्हणाला, "आम्ही रात्रपाळ्या कशासाठी करतो ते आज कळलं."

उंच टेबल मनासारखं मिळेना, म्हणून मागच्या गल्लीतल्या मिस्तरी चाचांना बोलावलं. आमच्या घराची सगळी दारं-खिडक्या त्यांच्या हातची. टेपवर त्यांचा फारसा विश्वास नाही. त्यांनी मला पट्ट्यावर उभं केलं आणि म्हणाले, "भाभी, आता हवेत टाइप करा." मी दहाही बोटं हवेत नाचवली. चाचांनी कानावरची पेन्सिल काढून माझ्या कोपराच्या उंचीवर भिंतीला खूण केली. मग म्हणाले, "आता जरा रागावून करा. रागात खांदे वर जातात, तेपण माप पाहिजे." मला खराखुरा राग यायच्या आत त्यांनी दुसरी खूणही करून टाकली. टेबल झकास झालं. त्याच वेळी मी त्यांना पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना धरायला लाकडी कठडा करायला सांगितला. तो माझ्यासाठी नव्हता.

तो अक्कांसाठी होता. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गेल्यापासून त्या सोनगीरला एकट्या राहतात. दोन खोल्या, वर स्लॅब, अंगणात निंब. त्या वर्षी श्रावणात त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन जळगावात केलं. ऑपरेशन चांगलं झालं. पण घरी आल्यावर चौथ्या दिवशी न्हाणीघरात त्यांचा तोल गेला. पडल्या नाहीत, मी धरलं. पण त्या क्षणी त्यांनी ठरवून टाकलं की आपले पाय संपले. मग खाट ते न्हाणीघर आणि न्हाणीघर ते खाट, एवढंच. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी अगदी काकुळतीला आली. म्हणाली, आजी, चालला नाहीत तर गुडघा आखडेल आणि मग मीही काही करू शकणार नाही. बाहेर चालवावं तर गल्लीत पाइपलाइनसाठी खणून ठेवलेलं, त्यात मोकाट कुत्री. कठडा असेल तर मशीनवर अगदी हळू चालायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती.

आणि सोनगीरच्या घरावर टांगती तलवार होती. तिथल्या शाळेतल्या एका सरांनी ते भाड्याने मागितलं होतं. नवऱ्याने त्यांना आखाजीपर्यंत थांबा म्हणून सांगितलं. तोवर अक्का स्वतःच्या पायांनी हिंडू-फिरू लागल्या तर ठीक, नाहीतर घर सरांना देऊन टाकायचं आणि अक्कांनी कायमचं आमच्याकडे राहायचं. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खानदेशात त्या दिवशी लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, भांडतात, रडतात. माझ्या दोन्ही नणंदा पन्नाशीला आल्या, तरी आखाजीला सोनगीरच्या निंबाखाली झोक्यावर बसतात. घर गेलं की त्यांचं माहेर माझ्या जळगावच्या हॉलमध्ये येणार, जिथे झोका बांधायला पंख्याचा हूक आहे फक्त. सोनगीरच्या किल्ल्या अक्कांच्या उशाखाली असायच्या.

आता माझी चूक सांगते. मशीन आलं ते नवरात्रात. अक्कांनी दुरूनच त्याला नाक मुरडलं. मी विचार केला, म्हाताऱ्या माणसाला वस्तू आपली वाटली पाहिजे, तर ती वापरेल. खंडेनवमीला आमच्याकडे विळी, कोयता, पाना, पक्कड, सगळ्यांची पूजा होते. मी त्यात मशीनलाही बसवलं. पट्टा ओल्या फडक्याने पुसला, पाच बोटं हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि अक्कांना खुर्चीत बसवून त्यांच्याच हातून ओवाळून घेतलं. अक्का इतक्या खूश झाल्या की त्यांनी मशीनपुढे पेढा ठेवला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "चला अक्का, मी धरते, दोन मिनिटं चालून बघा."

अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. "त्याच्यावर? वं माय, ते पूजेल शे. त्याले पाय कसा लावू?"

मी हसले. मग लक्षात आलं, त्या हसत नव्हत्या. मी समजावलं की पूजा तर गाडीचीही करतो, तिच्यात बसतोच ना? त्या म्हणाल्या, गाडीत बसतो, तिला तुडवत नाही. ज्या वस्तूवर पाय पडावा म्हणून मी एवढा खटाटोप केला, तिला मीच देवाच्या रांगेत नेऊन बसवलं होतं. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो इतका हसला की त्याच्या बाजूच्या माणसाने काय झालं म्हणून विचारलं.

पुढचा महिना कसा काढला, माझं मला माहीत. अक्का रोज सकाळी अंगणातलं एक फूल पट्ट्यावर ठेवायला लावायच्या. ते उचलल्याशिवाय मला मशीन सुरू करता येईना. मी बूट घालून चालायला लागले की त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या. तिकडे माझे नकाशे, इकडे त्यांची पाठ. एक दिवस मी चिडले आणि नको ते बोलून गेले. "राहा मग खाटेवर जन्मभर. सोनगीर विसरा आता." बोलल्या बोलल्या जीभ चावली. अक्कांनी उशाखाली हात घातला, किल्ल्या जागेवर आहेत का ते चाचपलं आणि डोळे मिटून घेतले. मी आत जाऊन नळ सोडून रडले. मला माझा फार राग आला, आणि तो पाच मिनिटांत गेला नाही.

दिवाळीच्या कामांच्या गडबडीत चाचांचा कठडा राहून गेला होता. ते तो घेऊन आले तेव्हा देवदिवाळी होऊन गेली होती. आता कशाला, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण एवढ्या मेहनतीने घासून गुळगुळीत केलेलं लाकूड बघून गप्प बसले. चाचा आत आले, मशीनपाशी गेले आणि थांबले. पट्ट्यावर जास्वंदीचं फूल होतं. त्यांनी एकदा फुलाकडे पाहिलं, एकदा खाटेवरच्या अक्कांकडे. चपला तर दारातच काढल्या होत्या. ते काही न विचारता परत अंगणात गेले, नळावर पाय घोट्यांपर्यंत स्वच्छ धुतले, खांद्यावरच्या रुमालाने पुसले, आत येऊन फूल दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवलं आणि मग पट्ट्यावर पाय ठेवून मापं घ्यायला लागले. तासभर ठोकाठोक चालली. जाताना फूल होतं तिथे परत ठेवलं. अक्का हे सगळं कुशीवर वळून बघत होत्या.

चाचा गेल्यावर बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "खयं बी पूजेलच ऱ्हाये."

खयं म्हणजे खळं, मळणीची जागा. मी काम बाजूला ठेवून त्यांच्याजवळ बसले.

"खयावर कोनी जोडा घालीसन जाये नही," त्या सांगू लागल्या. "पाय धोऊत, पाया पडूत, मंग दिनभर बैलस्ना मांगे फिरूत. गोल गोल. कोठे जानं नही, येनं नही." मग स्वतःशीच हसल्या. "तठे बी चालीसन कोठे पोचत नव्हतूत."

नेहमीप्रमाणे मध्ये तोंड घालून काम बिघडवायचं नाही, एवढं मला त्या दिवशी सुचलं हे माझं नशीब.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बादलीत पाय धुवून घेतले. खाली वाकता येत नाही म्हणून हात कठड्याला लावून कपाळाला लावला आणि अनवाणी पट्ट्यावर उभ्या राहिल्या. मी सगळ्यात कमी वेग लावला. पट्टा सरकला तशा त्या "अरे अरे अरे" करत कठड्याला बिलगल्या, मग एक पाऊल टाकलं, मग दुसरं. दोन मिनिटांनी मी बंद केलं. त्यांना घाम आला होता, पदराने तोंड पुसत विचारलं, "कितलं व्हयनं?" मशीनच्या आकडे दाखवणाऱ्या पाटीवर पन्नास मीटरही नव्हते. मी म्हटलं, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत. "मंग चांगलं शे," म्हणाल्या. मला नाचावंसं वाटलं. त्या दिवसापासून मीही बूट काढले.

नकाशाची कल्पना त्यांचीच. एकदा माझ्या पडद्यावर रस्ते दिसले तेव्हा त्यांनी विचारलं, ह्यात सोनगीर आहे का? मी काढून दाखवलं, वरून दिसणारा किल्ला, हायवे, गल्ली आणि स्लॅबचा पांढरा चौकोन. अक्का बोट लावून खूप वेळ बघत राहिल्या. निंब कुठाय म्हणून भांडल्या. सावलीत होता, तो मोठा करून दाखवला तेव्हा कुठे पटलं. मग विचारलं, इथून किती लांब? मी म्हटलं, एकशे दहाच्या आसपास किलोमीटर. त्या कठडा धरून उभ्या राहिल्या आणि जाहीर केलं, "मशीनवर चालत जवय सोनगीर ई, तवयच मी घर जासू. त्याना आगुदर नही."

मला तो खेळ वाटला. तो खेळ नव्हता. अक्कांनी नवसासारखा पण केला होता: मशीनवर सोनगीर येईल तेव्हाच घरी, त्याआधी नाही. रोज त्या चालून झाल्या की मी पाटीवरचा आकडा नकाशावर पुढे सरकवायची आणि सांगायची, आज इथवर आलो. आधी आठ-दहा दिवस आम्ही जळगावच्या बाहेरच पडेना. मग थंडी पडली, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन अक्कांच्या पायात बळ आलं म्हणा किंवा हट्ट म्हणा, पाळधी गाठलं. संक्रांतीला एरंडोल जवळ आलं तेव्हा त्यांनी समोरच्या काकूंना तिळगूळ देताना सांगितलं, "मी आते एरंडोलजोडे शे." काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की म्हातारीचं डोकं फिरलं आणि तू अजून दवाखान्यात नेलं नाहीस.

अक्का पट्ट्यावर चालायच्या आणि मी शेजारी टेबलाशी उभ्याने काम करायची. चालताना त्या बोलायच्या. त्यांच्या बोलण्याला पट्ट्याइतकाच अंत नसायचा: कोणाच्या लग्नात कोण रुसलं, कोणती गाय कोणाच्या शेतात शिरली, सोनगीरच्या तांबटांच्या ठोक्यांवर सासरे कसे झोपायचे. एकदा माझी मीटिंग चालू होती, माइक बंद करायचं राहिलं. पडद्यावर आमचे पुण्याचे साहेब. अक्कांनी चालता चालता डोकावून पाहिलं आणि ठणठणीत आवाजात विचारलं, "हाऊ बाबा दिनभर बठेलच ऱ्हास का?" साहेबांना खानदेशी येत नव्हती, पण 'बठेल' म्हणजे बसलेला, एवढं त्यांना कळलं असावं, कारण ते खुर्चीतून उठून उभे राहिले. मग बाकीचेही उठले. ती मीटिंग सगळ्यांनी उभ्याने संपवली आणि नेहमीच्या निम्म्या वेळात संपली.

लाइट गेली की पट्टा मध्येच थांबायचा. अक्का कठडा धरून जागच्या जागी उभ्या राहायच्या आणि मला म्हणायच्या, "तुना नवराले फोन लाव. पोऱ्या वीज बनाडस अन् मायनंच मशीन बंद?" मी खरंच लावायची. तिकडून तो म्हणायचा, आईला सांग, माझा तिथल्या तारांशी संबंध नाही. इकडून अक्का म्हणायच्या, मग तुझा संबंध तरी कशाशी आहे? आम्ही दोघी हसून हसून खाली बसायचो.

मी आनंदात होते. हे मला तेव्हा कळत होतं, म्हणूनच पुढचं केलं. मुलगी शिकायला नागपूरला, नवऱ्याच्या पाळ्या. आठ वर्षं त्या घरात दिवसभर माझ्याशी बोलायला पडद्यावरच्या चौकटी सोडून कोणी नव्हतं. आणि आता शेजारी एक बाई अनवाणी चालतेय, मला नावं ठेवतेय, मी चिडले की आणखी चिडवतेय. पारोळा आलं त्या दिवशी पाटीवर आठशे मीटर होते. मी म्हटलं, "पाचशे झाले, अक्का."

का म्हटलं ते मला लगेच कळलं आणि तरी दुसऱ्या दिवशीही तसंच म्हटलं. मग रोजच. अक्का किलोमीटरभर चालायच्या, मी त्यातले सहाशे मीटर मोजायची. पारोळ्याच्या पुढचा रस्ता मी इतका लांबवला की त्या रस्त्यावरची झाडंही मला पाठ झाली. अक्का विचारायच्या, "आज कोठलोंग उनूत?" आणि मी नकाशावर बोट ठेवून खोटी जागा दाखवायची. माझं कामच आहे नकाशातल्या चुका काढायचं, आणि मी घरातल्या घरात खोटा नकाशा बनवत होते.

चैत्र संपत आला. बाहेर डांबर वितळायला लागलं, कूलर दिवसभर भणभणू लागला. आखाजीला आठ दिवस उरले तेव्हा मोठ्या नणंदेचा फोन आला. सर घर बघायला येतोय म्हणत होते, काय सांगू? मी फोन स्पीकरवर ठेवला होता. अक्का जमिनीवर पाय पसरून लसूण सोलत होत्या. दोन महिन्यांपूर्वी त्यांना जमिनीवर बसताच येत नव्हतं, हेही मला तेव्हा जाणवलं. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "आपण कोठे शेत?" म्हणजे नकाशावर कुठवर आलोय?

"फागण्याला," मी म्हटलं. फागणं धुळ्याच्या अलीकडे. म्हणजे अजून बरंच अंतर शिल्लक.

अक्कांनी लसणाची पाकळी हातात फिरवली. "मंग आठ दिनमा काय व्हनार नही. सांगी दे त्यासले. घर दी टाका." आणि परत लसूण सोलायला लागल्या.

त्यांचं घर, दोन लेकींचं माहेर, अंगणातला झोका, हे सगळं मी सहाशे-सहाशे मीटर करून माझ्या हॉलमध्ये ओढून आणलं होतं, ते माझी करमणूक व्हावी म्हणून. नणंदेला मी म्हटलं, थांबा जरा, उद्या सांगते. त्या दिवशी एकाही नकाशाकडे मला नीट बघवलं नाही. मशीनमध्ये रोजचा खरा आकडा साठलेला असतो. मी ते सगळे आकडे काढून बेरीज केली. सोनगीर मागे पडलं होतं. अक्का तीन दिवसांपूर्वीच घरी पोचल्या होत्या.

सकाळी मी त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि शेवटचं खोटं बोलले. "अक्का, मशीनचं मोजमाप चुकत होतं. मी तपासलं. आपण सोनगीरला पोचलो."

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, प्यायला. मग म्हणाल्या, "चाल मंग."

मी नणंदेला फोन करून सरांना नाही कळवायला सांगितलं. नवऱ्याला सुट्टी मिळेना, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच निघालो. जळगावहून पहाटेची एसटी, धुळ्याला बदलून दुसरी. एरंडोल, पारोळा, फागणं, सगळी गावं खिडकीतून गेली आणि प्रत्येक गावाला अक्का "हाई तं देखेल शे" असं म्हणत होत्या. पारोळ्याच्या पुढे मी खिडकीतून बाहेर बघायचं बंद केलं. सोनगीर फाट्याला उतरलो तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि ऊन चढलं होतं. मी रिक्षा बघायला लागले. अक्कांनी डोक्यावर पदर घेतला, काठीही न टेकवता गावाच्या रस्त्याला लागल्या. मी पिशव्या उचलून मागे. रोज तासन् तास पट्ट्यावर चालणारी मी, पण खऱ्या रस्त्याला चढ असतो, दगड असतात, समोरून म्हशी येतात. मला धाप लागली.

किल्ल्याची भिंत दिसली तेव्हा मला राहवलं नाही. मी मागूनच ओरडून सांगितलं, "अक्का, मशीन चुकलं नव्हतं. मी कमी सांगत होते. पारोळ्यापासून."

त्या थांबल्या नाहीत. "माले मालूम शे."

"कसं मालूम?"

"पायले समजस वं, कितलं चालनूत ते. जनम गया चालामा."

मी तिथेच उभी राहिले. पिशव्या खाली ठेवल्या. "मग बोलल्या का नाहीत? तुम्ही तर घर द्यायला निघाल्या होत्या!"

आता त्या थांबल्या, वळल्या. कपाळावर घामाचे थेंब, चेहरा उन्हाने लाल, आणि त्या हसत होत्या. "सासू घरमा ऱ्हावो म्हनीसन खोटं बोलनारी सून कोनले भेटस? माले गोड लागनं. मी म्हनी, जाऊ दे घर."

मी भर रस्त्यात रडायला लागले. एक म्हैस माझ्याजवळून वळसा घालून गेली. अक्कांनी कमरेच्या किल्ल्या काढून हातात घेतल्या आणि म्हणाल्या, "रडीसन व्हयनं का? चाल. पोरी इतीन, झोका बांधना शे. अन् तू बी आठेच ऱ्हा आखाजीले." मलाही इथेच राहा असं बजावून त्या परत वळल्या आणि झपाझप चालू लागल्या. मी पिशव्या उचलल्या. त्यांना गाठायला मला पळावं लागलं.